सभाव

श्रावण लागला की आमच्या गावचा मेडिकलवाला एका गोळीचा स्टॉक जास्तीचा मागवून ठेवतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते ना, त्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यात घराघरातली एकेक पोरगी दुकानात जाते, नुसतं "ते... पुढं ढकलायचं" एवढं म्हणते आणि तो पट्टी पेपरात गुंडाळून देतो. तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा. नैवेद्याच्या रोटांचं दळण, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं सोवळ्यात, त्यात घरात दोनच सुना आणि त्यातली एक बाजूला बसली तर दुसरीने एकटीने मरायचं का, म्हणून मग गोळी. (रोटांचे गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या डोक्यांवरून मोजतात, गोळ्या बायकांच्या. असो.)

मी ती गोळी कधी घेतली नाही. गरजच नव्हती. माझी पाळी तीन-तीन महिने यायची नाही, एकदा तर साडेपाच महिने आली नव्हती, आणि काकू दरवर्षी पुरण वाटता वाटता न चुकता म्हणायची, "हिनं बरं शे माय, कटकटच नही." घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मलाही तेव्हा ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. सतराव्या वर्षी पाळी न येणं म्हणजे सुट्टीच की. कानबाईच्या रात्री सगळ्यात जास्त फुगड्या मी खेळायचे, सोमवारी सकाळी बोरीवर विसर्जनाला कानबाई डोक्यावर घ्यायलाही मीच पुढे, कारण माझा भरवसा होता. माझ्या शरीराचा घरादाराला असा भरवसा तेवढाच.

एकोणिसाव्या वर्षी आईने तालुक्याला नेलं. फुगेपर्यंत पाणी पिऊन बाकड्यावर दोन तास बसले, मग सोनोग्राफी, मग डॉक्टर. त्यांनी कागद बघितला आणि माझ्याकडे न बघता आईला सांगितलं की दोन्ही बाजूला गाठी आहेत, घाबरायचं काम नाही, वजन कमी करा, लग्न झालं की सगळं नीट होतं. तीन मिनिटं लागली असतील. आईने त्यातला एकच शब्द ऐकला. आमच्या गल्लीतली एक मावशी आदल्या वर्षी गाठीनेच गेली होती. एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली, गाव येईपर्यंत बोलली नाही, आणि मी आपली पाणी जास्त झाल्यामुळे कासावीस.

त्या गाठी नव्हत्याच हे कळायला मला पुढे सात-आठ वर्षं गेली. कापसाच्या गावची आहे म्हणून तसंच सांगते. झाडाला कैऱ्या, म्हणजे बोंडं, भरपूर लागल्यात पण फुटत एकही नाही, असं समजा. दर महिन्याला ओव्हरीत अंड्याच्या बारीक बारीक पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि अंडं बाहेर पडतं, बाकीच्या जिरून जातात. इथं ती एक मोठी होतच नाही, सगळ्या अर्ध्यावर थांबतात, दोन ते नऊ मिलिमीटरच्या, आणि सोनोग्राफीत मोत्याच्या माळेसारख्या कडेने दिसतात. त्याला नाव पडलं पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, पीसीओएस, आणि सिस्ट म्हणजे गाठ. म्हणजे नावातच गाठी आणि प्रत्यक्षात गाठ नाही. २०१२ साली अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ञांनी पण म्हटलं होतं की हे नाव दिशाभूल करतं, बदला. बदललं असतं तर आमच्या आईची ती एसटीतली दुपार वाचली असती.

आणि मूळ भानगड बऱ्याच जणींच्या बाबतीत ओव्हरीत नसतेच, इन्सुलिनमध्ये असते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अजून जास्त सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला टोचतं की बनव टेस्टोस्टेरॉन. ते पुरुषी हार्मोन, पण बाईच्या अंगात पण असतंच, थोडं. लिव्हर एक प्रोटीन बनवतं, एसएचबीजी, ते या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, दाव्याला बैल बांधावा तसं. पण इन्सुलिन वाढलं की लिव्हर दावीच कमी वळतं. म्हणजे एकीकडे बैल वाढले आणि दुसरीकडे दावी कमी झाली, मग मोकळे सुटलेले बैल शेतात काय करतील ते करतील, हनुवटीवर केस, डोक्यावर विरळ, चेहऱ्यावर पुटकुळ्या, पाळी गायब.

तर हे सगळं दिसणारं. दिसणाऱ्याचा त्रास वेगळाच असतो. माझी मान काळी पडली होती, मागच्या बाजूने, मखमलीसारखी जाड. आई दर रविवारी मला मोरीत बसवून मान घासायची. आधी उटणं, मग लिंबू, मग टाचा घासायचा दगड. "मळ बसेल शे, आंघोळ करत नही धड." कॉलेजला जाणारी मुलगी मी आणि मान घासून घासून लाल, पण काळेपणा तसाच. तो मळ नव्हता, इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असते, कुठल्याही डॉक्टरला लांबून दिसावी अशी. त्या तीन मिनिटांत माझ्याकडे कुणी बघितलं असतं तर दिसली असती. आईला हे मी गेल्या वर्षी सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त त्या संध्याकाळी उगाच माझ्या केसांना तेल लावत बसली, आणि मानेला हात लागला की थांबायची.

केसांचं जास्त सांगत नाही, ज्यांना आहे त्यांना माहितीय. पार्लरमधली ताई "अप्पर लिप?" विचारते आणि मग आवाज बारीक करून "हनुवटी पण करू?" विचारते, त्या बारीक झालेल्या आवाजाचं मला जास्त लागायचं.

पण मला लिहायचंय ते न दिसणाऱ्याबद्दल. मी चिडायचे. म्हणजे नुसतं चिडणं नाही, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं, भावाने चार्जर नेला म्हणून दार आपटून दोन दिवस न बोलणं, आणि मग रात्री गच्चीवर जाऊन रडणं, ते पण कशासाठी ते मला माहीत नसताना. सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधड, जसं काय आज रिझल्ट आहे. आणि घरात या सगळ्यावर एकच वाक्य होतं, "हिना सभावच तसा शे." पाहुणे आले की आधीच सांगून ठेवायचे, वडील हसत हसत म्हणायचे की आमची पोरगी डोक्याने तापट, आजीवर गेलीय. सभाव. एकदा स्वभाव म्हटलं की विषय मिटतो बघा. आजाराला औषध असतं, स्वभावाला काय असतं? सोसायचं असतं, नाहीतर बाकीच्यांनी टोमणे मारायचे असतात.

मी जळगावला नोकरीला लागले तेव्हा ते अजून वाढलं. रूम रेल्वे लाइनजवळ. मे महिना, ४५ डिग्री, कूलर गरम वारा फेकतोय, सगळं जळगावच तेव्हा झोपत नाही म्हणून मला वाटायचं की माझी झोप पण उन्हानेच गेलीय. जून गेला, पाऊस पडला, कॉलनीतली कुत्री पण गार फरशीवर गाढ झोपायला लागली, मी आपली रात्री तीनला टक्क जागी, भुसावळकडे जाणाऱ्या मालगाड्यांचे डबे आवाजावरून मोजत. छप्पन्न, सत्तावन्न. ऑफिसात व्हाउचर चुकायला लागली. बहिणाबाई उद्यानासमोरून रोज जायचे, कधीतरी मैत्रिणींबरोबर भेळ खायला थांबायचे ते बंद झालं, कंटाळा म्हणावा तर कंटाळा पण नव्हता, काहीच नव्हतं. एकदा एरंडोलच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली, सगळे खाली उतरले, मी सीटवर बसून राहिले आणि मनात आलं की ही गाडी पुन्हा सुरूच झाली नाही तरी चालेल, मला कुठंच जायचं नाहीये. हे मनात आलं आणि मला त्याची भीतीसुद्धा वाटली नाही.

माझी रूममेट शहाद्याची, अंगाने काडी. तिला पण पीसीओएस. तिला तर घरचे मानायलाच तयार नव्हते, हे जाड्या मुलींचं असतं म्हणे. तिच्या ओळखीने मी जळगावातल्या एका बाई डॉक्टरांकडे गेले, कारण पाळी चार महिने नव्हती आणि घरून पाहुणे बघायला सुरुवात झाली होती. मी तोंडपाठ उत्तरं घेऊन गेलेले. मागची डेट अमुक, वजन तमुक, लग्न नाही. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, मान बघितली, ब्लड शुगरची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट लिहिली, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, आणि मग पेन ठेवून विचारलं, "झोप लागते का?"

मला आधी वाटलं त्या जी गोळी देणार तिचा काहीतरी संबंध असेल. म्हटलं, तीनला उठते. त्या म्हणाल्या, "गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं?" आणि मी हसले. खरंच हसले, कारण मला दोन आठवडे शोधायला लागत होते, मी महिने मोजत होते. मग रडू आलं ते थांबेना, बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, रडून घ्या, मी प्रत्येक पीसीओएसवालीला हे विचारते.

प्रत्येकीला? मग मी घरी येऊन वाचत सुटले. २०२३ ची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन स्पष्ट म्हणते की पीसीओएसचं निदान झालं की डिप्रेशन आणि अँक्झायटी विचारायचीच, बाईने आपणहून तक्रार करायची वाट बघायची नाही. २०१७ साली बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात पीसीओएस असलेल्या बायकांत डिप्रेशनची लक्षणं असण्याची शक्यता पावणेचार पटीच्या आसपास निघाली आणि अँक्झायटीची साडेपाच पटीच्या. आणि मला हादरवलं ते पुढच्या ओळीने, सारख्याच वजनाच्या बायका घेऊन तुलना केली तरी फरक राहतो. म्हणजे "जाड आहे म्हणून नाराज असते" हे जे मला सगळे सांगत होते, आणि माझं मलाही पटलेलं होतं, ते पुरतं खरं नाही. माझ्या काडी रूममेटला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मला माहिती होतं, फक्त पुरावा नव्हता.

मग हे होतं कशाने? इथं मला साधं सरळ उत्तर हवं होतं आणि ते कुठंच मिळालं नाही, कारण तसं ते नाहीच. एक धागा असा की अंडं सुटलं तरच मागून प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं, आणि त्या प्रोजेस्टेरॉनपासून जो एक पदार्थ मेंदूत बनतो तो मेंदूच्या त्याच ब्रेकवर काम करतो ज्याच्यावर झोपेच्या काही गोळ्या करतात. माझ्याकडे महिनोन् महिने अंडंच सुटत नव्हतं. म्हणून माझी झोप गेली असं मी छातीठोक म्हणणार नाही, शरीर म्हणजे काही किराणा दुकानाचा हिशोब नाही, पण ते वाचल्यावर मला रात्री तीनच्या मालगाड्या आठवल्या. दुसरा धागा इन्सुलिनचा आणि अंगात धुमसत राहणाऱ्या बारीक सुजेचा. तिसरा झोपेत श्वास अडकण्याचा, तो या बायकांत जास्त दिसतो. आणि चौथा अगदी साधा. आरशाचा, पार्लरमधल्या बारीक आवाजाचा, पाहुण्यांसमोर चहा नेताना हनुवटी खाली घेण्याचा. कुठला धागा किती जाड ते प्रत्येकीचं वेगळं असणार. पण आमच्या घरात ज्याला सभाव म्हणत होते त्याच्यात एवढे धागे होते, आणि एकानेही कधी ओढून बघितला नव्हता.

डॉक्टरांनी मला मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. हे लिहायला सोपंय. जळगाव मोठं असेल पण आमच्या पारोळ्याकडचं कुणी ना कुणी चौकात भेटतंच, त्यामुळे भर पावसाळ्यात डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून मी वेटिंगमध्ये बसलेले, आणि समोर बघते तर तशाच स्कार्फवाल्या अजून तिघी. एकमेकींना ओळखायचं नाही असा अलिखित करार. नंतर मला कळलं की सरकारचा टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण उचलतात आणि मराठीत बोलतात. तेव्हा माहीत असता तर मालगाड्या मोजण्यापेक्षा तो लावला असता.

औषधं सुरू झाली आणि इथून पुढची गोष्ट सिनेमासारखी सरळ नाहीये. पाळीसाठी आधी ज्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या त्याने पाळी घड्याळासारखी आली पण मन अजून खाली गेलं. मला वाटलं मीच नाटकी. मग वाचलं की २०१६ साली डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, त्यातही टीनएज मुलींमध्ये, डिप्रेशनची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. सगळ्यांना होत नाही, कित्येक जणींना त्याच गोळ्यांनी बरं वाटतं, रूममेटला वाटलं. मी मनाने बंद न करता डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी बदलून दिलं. ते सांगायला मला सहा आठवडे लागले एवढाच माझा मूर्खपणा.

बदलून दिलं म्हणजे काय, तर दर दोन-अडीच महिन्यांनी पाळी आली नाही की दहा दिवस एक गोळी घ्यायची, बंद केली की पाळी येते. कारण आतलं अस्तर महिनोन् महिने साचू देणं बरं नाही, पुढे महागात पडतं. मी मेडिकलमधून पट्टी आणली, उलटी करून नाव वाचलं आणि बघतच राहिले. तीच. कानबाईची. जी काकू पाळी थांबवायला घेते तीच मी पाळी आणायला घेणार होते, चालू असेपर्यंत थांबवते आणि सोडली की आणते. म्हणजे इतकी वर्षं "हिनं बरं शे" म्हणत होत्या त्या सगळ्याजणी आणि मी शेवटी एकाच पट्टीवर.

इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन नावाची गोळी होती, तिने पहिला महिना पोटाचे हाल केले, जळगाव-पारोळा एसटीत ते काय होतं ते विचारू नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते, ती गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते आधीच तळाला असतं. बी-१२ कमी झालं की थकवा, विसरायला होणं, मन पडणं. म्हणजे एका दाराने काढलेलं दुसऱ्या दाराने परत आत. माझं कमी निघालं होतं, इंजेक्शनं घेतली.

खाण्यावर मला फार बोलायचं नाही कारण मोबाइल उघडला की त्याच्यावर बोलणारे दहा जण असतात. गहू बंद, दूध बंद, अमका चहा, तमकी पावडर. मी चार महिने ते सगळं केलं आणि रोज रात्री शेवभाजीच्या वासाने रडले. गाइडलाइन म्हणते की अमुकच डाएट सगळ्यात भारी असं काही सिद्ध झालेलं नाही, जे तुम्हाला निभेल ते करा, हालचाल करा. शेवटी मी आईकडून कळण्याचं पीठ आणलं, ज्वारी-उडदाचं, भाकरी न् ठेचा न् वांग्याचं भरीत. औषध म्हणून नाही. मला आवडतं म्हणून.

हळूहळू झोप आली. मन लागायला लागलं. आणि तेव्हा एक वेगळाच प्रश्न आला जो मला कुणी सांगितलेला नव्हता. भावाने परत चार्जर नेला, आणि मी चिडलेच नाही. नुसतं "आण बे इकडं" म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पण. मग ती कोण होती जी दार आपटायची? ती मी नव्हते आणि ही मी आहे, की ती खरी आणि ही गोळ्यांची? बरं, ती चिडकी पोरगी काही अगदीच चुकीच्या गोष्टींवर चिडायची नाही. रोटांचे गहू पुरुषांच्या डोक्यांवरून का मोजता म्हणून तिनेच विचारलं होतं, चौदाव्या वर्षी, भर पंगतीत. ते हार्मोनचं होतं का? मला नाही वाटत. डॉक्टरांना मी हे विचारलं तर त्या म्हणाल्या, राग आला तर बघा, तो गेल्यावर पण तुम्हाला तेच म्हणायचंय का. बघते. गव्हाचं अजूनही तेच म्हणायचंय.

आणि मग आजी. तिच्यावर गेलीय म्हणायचे ना सगळे, मी कधी नीट विचारच केला नव्हता काय काय घेऊन गेलीय. पीसीओएस घराण्यात चालतो, आई-बहिणी-मुलींत जास्त सापडतो, वडिलांकडूनही येतो. आजीला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. आजोबांना दुसरी करून द्यायची बोलणी झाली होती, पोरगी पण बघून ठेवलेली, तेवढ्यात वडील राहिले पोटात. त्यानंतर एकही नाही. आजीची मान काळी होती, मला वाटायचं उन्हात कापूस वेचून. हनुवटीवर चार-पाच पांढरे राठ केस, ते ती ओट्यावर बसून चिमट्याने काढायची आणि मला आरसा धरायला लावायची. शेवटी शेवटी डायबिटीस. आणि दर थोड्या दिवसांनी ती धान्याच्या कोठीच्या खोलीत आतून कडी लावून बसायची, दिवसभर, जेवायला हाक मारली तर आतून आवाज यायचा, "माले काही इचारू नका." बाहेर बायका हळू आवाजात म्हणायच्या, जाऊ द्या, तिना सभावच तसा शे.

मी काही डॉक्टर नाही आणि मेलेल्या माणसाचं निदान करू नये हे मला कळतं. पण १७२१ साली वॅलिसनेरी नावाच्या एका इटालियन माणसाने एका शेतकरी बाईबद्दल लिहून ठेवलंय, तरुण, लग्न झालेली, अंगाने भरलेली, मूल नाही, आणि तिच्या ओव्हरी मोठ्या, पांढऱ्या, चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारख्या. मग २०० हून जास्त वर्षांनी, १९३५ साली, शिकागोमध्ये स्टीन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात बायकांची हकीकत छापली आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ञ बसले आणि तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस म्हणायचं असं ठरलं, पाळीची गडबड, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत त्या पिशव्या. ते तीनही वाचताना मला सारखं वाटत होतं की त्या इटालियन शेतकरीण बाईच्या ओव्हरीचा रंगसुद्धा आपल्याला माहितीय, पण ती पण कुठल्या कोठीत कडी लावून बसायची का, ते कुणाला लिहावंसं वाटलं नाही. आज जगात मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या १० ते १३ बायकांना हे आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना ते माहीतच नाही. त्या सगळ्या आपापल्या घरात स्वभावाने कशा असतील म्हणून ओळखल्या जात असतील कोण जाणे.

लग्नाचं काय, असं विचारणारच तुम्ही. बघतायत. आईचं म्हणणं मुलाकडच्यांना आत्ताच काही सांगू नको, माझं म्हणणं सांगणार, त्याच्यावर आमचं भांडण चालूय आणि ते भांडण मी दार न आपटता करते. एवढंच.

यंदाच्या कानबाईला मी शनिवारी दुपारी गावी पोचले. बॅग ठेवली, पाय धुतले, आणि पोटात कळ आली. गोळीने आणलेली नाही, आपणहून, पस्तिसाव्या दिवशी. गेल्या दहा-बारा वर्षांत आपणहून अशी आठवत पण नाही मला. मी मोरीत उभी राहून हसत होते आणि बाहेर काकू ओरडत होती की गहू निवडायला ये. बाहेर येऊन सांगितलं तर तिचं तोंड पडलं. "आते? आते कशी काय व तुनी?" आणि मग तिचं तिलाच कळेना रागवावं का काय, "एक गोळी लेती ना आठ दिवस पहिले." दोन सुना, आणि भरवशाची मी बाजूला.

तर रविवारी रात्री आत गाणी चाललेली, फुगड्या, परातीचा आवाज, आणि मी मागच्या ओट्यावर गोधडी टाकून एकटी, पोट दुखतंय, मच्छर चावतायत. आनंद पण होत होता आणि डोकं पण फिरलं होतं, की ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं औषधं, टेस्टा, एसटीचे हाल काढले ती आली तर मला बाहेर बसवलं. हा राग तपासून बघितला. तेच म्हणायचं होतं.

पहाटे विसर्जनाची तयारी सुरू व्हायच्या आधी आई चहा घेऊन मागे आली. कप लांबून ठेवायचा असतो, तिने हातात दिला. आतून कुणीतरी तिला हाका मारत होतं. ती जायला वळली, परत फिरली, आणि जरा अवघडून, मोठ्या माणसांना आपण विचारत नाही अशी गोष्ट विचारावी तसं विचारलं,

"रातले झोप लागनी का?"